एकीने धाव घ्यावी, दुसरीची भीड जावी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा इथे नसते, मागच्या बाजूला चुलाण्यापाशी असते. मसालेभात चाखून बघणे आणि पाने पुरतील की नाही ते मोजणे हे माझे काम. ह्या वर्षी चिटणीसबाईंनी धरून बसविले आणि म्हणाल्या, "तुम्ही पळता म्हणे, मग त्यावरच बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. म्हणून कागदावर लिहून आणले आहे, तेच वाचते. चुकले माकले तर सांभाळून घ्यावे.

माझा विषय असा: एखाद्या बाईने स्वतःपुरता पळण्याचा, पोहण्याचा, खेळण्याचा काही पण केला, तर त्याचा दुसरीला काय उपयोग? पुष्कळांना वाटते, तो तिचा छंद झाला, फार तर तिची तब्येत सुधारेल, त्यात आपला काय संबंध? मला उलट वाटते. ते का, एवढेच सांगायचे आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. अंग हलवणे आपल्याला नवे नाही. मंगळागौर जागवताना आपल्या आज्या रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा, कोंबडा असे खेळ खेळत. बसफुगडी घालून बघा म्हणजे मांड्यांना किती जोर लागतो ते कळेल. चार पोरांची आई पिंग्यात उतरली तर तिला "ह्या वयात?" असे कोणी विचारीत नसे. मग तीच बाई सकाळी रस्त्याने झपझप चालू लागली की का विचारतात? कारण मंगळागौर माजघरात होती, बघणाऱ्या बायकाच होत्या. खेळ आपल्याला नवा नाही. उघड्यावर, चारचौघांत खेळणे नवे आहे. अडते ते पायांत नाही, भिडेत अडते.

आणि ही भीड काही आपल्याच देशातली नाही. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. शर्यत संपल्यावर धावणाऱ्या दमल्या, म्हणजे पुरुषही दमतातच; पण बायकांना हे झेपत नाही असा गवगवा झाला आणि ती शर्यत १९६० पर्यंत पुन्हा ठेवलीच नाही. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला तर १९८४ साल उजाडले. एवढी वर्षे बायकांना कोणी पायांत बेडी घातली नव्हती. "झेपत नाही" हे दोन शब्द पुरले.

हे शब्द कोणी खोडून काढले? भाषणे करणाऱ्यांनी नव्हे. पळणाऱ्यांनी.

हॉलंडमध्ये फॅनी ब्लँकर्स-कून नावाची बाई होऊन गेली. १९३६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी ती पहिल्यांदा ऑलिंपिकला गेली. नंतर महायुद्ध आले, १९४० आणि १९४४ ची दोन्ही ऑलिंपिके झाली नाहीत. पळणाऱ्या बाईची ऐन उमेदीची वर्षे त्यात गेली. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले तेव्हा ती ३० वर्षांची, दोन मुलांची आई. मुलांना बरोबर घेऊन ती मैदानावर सरावाला जाई. लोकांनी तिला पत्रे लिहिली, की मुलांना सोडून कुठे निघालीस, घरात बैस. वय झाले, असेही जाणत्या लोकांनी म्हटले. त्या बाईने लंडनला चार सुवर्णपदके मिळविली: १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळे आणि चौघींची रिले.  परत आल्यावर ॲमस्टरडॅमला घोड्यांच्या गाडीतून तिची मिरवणूक निघाली, आणि शेजाऱ्यांनी तिला एक सायकल भेट दिली, म्हणजे आता इतके पळायला नको! ही शेजाऱ्यांची थट्टा मला फार आवडते.

आता बघा, ह्या बाईने "बायकांनो, उठा" असे काही म्हटले नाही. तिला जिंकायचे होते, ती जिंकली. पण तिच्यानंतर "दोन मुलांची आई" हे कारण लटके पडले. ते ज्या त्या बाईच्या हातातून निसटले. माझे म्हणणे हेच आहे. स्वतःच्या पणामागे लागलेली बाई दुसरीला उपदेश करीत नाही. ती फक्त दुसरीची सबब काढून घेते.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली, आरती साहाची. कलकत्त्याची मुलगी. आई ती अगदी लहान असतानाच गेली. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेली तेव्हा बारा वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे १९५८ साली ढाक्याच्या ब्रोजेन दास ह्यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली. आशियातले ते पहिले. त्याच वर्षी आपले मिहीर सेन पोहून गेले. भारतातले ते पहिले. आरतीने ब्रोजेन दासांचे अभिनंदन केले, आणि त्यांनी तिच्याबद्दल विश्वास दाखविला की हिलाही हे जमेल. ती खाडी सरळ रेषेत सुमारे २१ मैलांची; पण भरती-ओहोटीचा ओढा माणसाला इकडून तिकडे नेतो, त्यामुळे अंतर दुपटीवर जाते. पाणी थंडगार. १९५९ च्या ऑगस्टमध्ये आरती उतरली. चौदा तासांवर पोहली, किनारा चारपाच मैलांवर आला आणि प्रवाह उलटा फिरला. बाहेर काढावे लागले. महिनाभराने, २९ सप्टेंबरला, ती पुन्हा उतरली आणि १६ तास २० मिनिटांत इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. खाडी पोहणारी आशियातली पहिली स्त्री. वय १९. १९६० साली तिला पद्मश्री मिळाली.

पुढे १९८७ साली मुंबईची अनिता सूद आणि १९८९ साली बंगालचीच बुला चौधरी ह्यांनी ती खाडी पार केली. ब्रोजेन दास ज्या वर्षी पोहले त्याच्या पुढच्याच वर्षी आरती, आणि मग ह्या. दिव्याने दिवा लागतो म्हणतात तो असा. पहिल्या दिव्याचे तेल त्यात कमी होत नाही.

पण भगिनींनो, इथे एक अडचण आहे, ती मी झाकून ठेवणार नाही. फार मोठ्या माणसाकडे पाहून आपण टाळ्या वाजवतो आणि म्हणतो, "त्या वेगळ्या. आपल्याला कुठले जमायला?" म्हणजे दूरचा दिवा शोभेचा होतो, त्याने आपली वात पेटत नाही. वात पेटायला ज्योत जवळ लागते.

म्हणून आता आपल्या जिल्ह्यात या. माण तालुक्यातले मोही हे गाव आपल्याला माहीत आहे. दुष्काळी मुलूख. तिथल्या शेतकऱ्याघरची ललिता बाबर. शाळेत ती आपल्यासारखीच खो-खो खेळायची. पुढे लांब पल्ल्याची शर्यत धरली, मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१३ ते २०१५ अशी लागोपाठ तीन वर्षे पहिली आली. मग ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत, ज्यात मध्ये पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारावी लागते, ती धरली. २०१५ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत ती धावली. दहावी आली. दहावी म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम शर्यतीत धावली होती. त्यानंतर ३२ वर्षांनी पळण्याच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी ही आपली पहिली बाई, आणि ती माणदेशातली.

नाशिककडेही तसेच झाले. सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. तिच्या मागे त्याच गुरूंच्या हाताखाली, त्याच नाशिकच्या रस्त्यांवर संजीवनी जाधव तयार झाली. एका गावात एकापाठोपाठ एक अशा मुली का निघतात? पाणी वेगळे असते म्हणून नव्हे. रोज सकाळी समोरून पळताना दिसते म्हणून.

आता थोडे नाजूक बोलते. बारामतीच्या लताबाई करे आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. साठी उलटलेली, मोलमजुरी करणारी बाई, नवरा आजारी, औषधपाण्याला पैसा नाही. म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी लुगड्यात, अनवाणी पळाली आणि पहिली आली. पुढे तिच्यावर चित्रपट निघाला, त्यात तिने स्वतःच काम केले. ही हकीकत ऐकून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही? माझ्याही येते. पण मी मनात विचार केला, की आपण हिचे कौतुक एवढ्या मोकळेपणाने का करतो? कारण ती नवऱ्यासाठी पळाली. हीच बाई नुसती हौस म्हणून, अंगात जोर आहे म्हणून पळाली असती, तर? आपणच नाक मुरडले असते. बाईने नवऱ्यासाठी उपास करावा, मुलांसाठी रात्री जागाव्यात, सासऱ्यांच्या पथ्यासाठी वेगळे शिजवावे, सगळे गोड. स्वतःसाठी तासभर पळावे म्हटले की ती स्वार्थी. लताबाईंच्या पायांचे मोल मी कमी करीत नाही. मी एवढेच म्हणते, की बाईला पळायला घरात आजारपण यायची वाट बघायला लावू नका.

आणि गंमत अशी, की दुसऱ्यासाठी केलेल्या कामाला आपण हात जोडतो. पण स्वतःच्या आनंदाने पळणारी बाई पाहिली की "मीही करून बघते" असे वाटते. त्यागाची भक्ती होते, आनंदाची लागण होते.

हे मी अनुभवाने सांगते. दोन वर्षांपूर्वी, माझ्या ४२ व्या वर्षी मी सुरुवात केली. न थांबता पाच किलोमीटर पळायचे, एवढाच माझा पण. कोणाला दाखवायचे नव्हते, कोणाला सुधारायचे नव्हते. पद्धत सोपी ठेवली. विजेच्या दोन खांबांमधले अंतर हळू पळायचे, पुढच्या दोन खांबांइतके चालायचे. महिन्याने पळायचे खांब वाढविले. बरोबरीच्या बाईशी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढाच वेग ठेवायचा. पाच किलोमीटरला मला सात महिने लागले. गेल्या डिसेंबरात गावच्या दौडीत दहा किलोमीटर पळाले, वेळ १ तास २४ मिनिटे. माझ्या मागे फार जणी नव्हत्या. पुरे करणाऱ्या सगळ्यांना पदक देतात, ते मलाही मिळाले. ते देवघराशेजारच्या खिळ्याला आहे.

आता त्याने काय झाले ते सांगते. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या. डॉक्टर तीन वर्षे सांगत होते, "आजी, रोज थोडे चाला, गुडघे आखडतील." त्या हो म्हणत आणि ओट्यावर बसत. मी पळू लागल्यावर चौथ्या महिन्यात एके दिवशी त्या आपल्या आपण उठल्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. मी त्यांना एकदाही "चाला" म्हटले नव्हते. आता त्या मारुतीच्या देवळापर्यंत जातात आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकीला सांगतात, की सून पळते ते ठीक, पण मी रोज न चुकता चालते!

आमच्या आळीतल्या सहा जणी माझ्याबरोबर येऊ लागल्या. त्यांतल्या तीन टिकल्या. तिघींनी सोडले, त्यांना मी नावे ठेवीत नाही. कोणाच्या घरी लहान बाळ, कोणाची सकाळची पाळी. टिकलेल्यांपैकी एक माझ्यापेक्षा जोरात पळते, आणि आता तिला बघून मला नेट येतो. म्हणजे उसने दिले तेच व्याजासह परत आले.

आणि एक मुलगी. नाव सांगत नाही. खो-खोत अतिशय चपळ, शाळेच्या संघात होती. नववीत गेल्यावर घरून बंद केले. मोठी झाली, मैदानावर मुले असतात, लोक बोलतात. ती मुलगी सकाळी मागच्या अंगणातून आमच्याकडे बघत उभी राहायची. एक दिवस तिच्या आईने मला विचारले, "तुम्हाला कोणी काही बोलत नाही का?" मी म्हटले, "पहिले पंधरा दिवस बोलले. मग त्यांना दुसरा विषय मिळाला." त्यावर ती काही बोलली नाही. पण पुढल्या आठवड्यात मुलगी आमच्याबरोबर होती, आणि दिवाळीनंतर पुन्हा संघात. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला; महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरविले. तो सामना त्या मायलेकींनी शेजारी बसून पाहिला. आमच्या मुली काही सगळ्या तिथवर जाणार नाहीत. न जावोत. पण खेळ सुटला तो पाय थकले म्हणून सुटावा, लोक बोलले म्हणून नव्हे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी चार शब्द. रक्तदाब, साखर, छातीची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आज डॉक्टरीणबाई इथे आहेतच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास झपझप चालणे. शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर येईल असे काही. घरकाम असते की, असे आपण म्हणतो. पण उभ्याने पोळ्या लाटून पाय दुखतात, दम वाढत नाही. साडीवर चालायला जमते, पळायला पंजाबी ड्रेस बरा. पायांत बूट हवेत. लताबाई अनवाणी पळाल्या म्हणून आपण पळू नये. त्यांच्याकडे नव्हते, आपल्याकडे दसऱ्याच्या साडीतून ते निघतात. आणि पण मोजता येईल असा असावा. "तब्येत सुधारायची" हा पण नव्हे. "संक्रांतीपर्यंत देवळापर्यंत न थांबता" हा पण.

शेवटी मंडळाच्या कामाकडे वळते. आपण दरवर्षी तीन स्पर्धा घेतो: रांगोळी, पाककृती आणि उखाणे. कार्यकारिणीपुढे मी चौथीची विनंती केली आहे: बायकांची चालण्या-पळण्याची स्पर्धा, तीन किलोमीटर, सर्व वयांच्या. त्यावर मतभेद झाले, आणि ज्यांनी विरोध केला त्या मला वडील बहिणीसारख्या आहेत. त्यांचे म्हणणे, घ्यायचीच तर पहाटे पाचला, रहदारी सुरू होण्याआधी घ्या, म्हणजे कोणी बघणार नाही. त्यांची काळजी मला कळते. अंधारातही व्यायाम तेवढाच होईल हेही खरे. पण मग मागच्या अंगणात उभी असलेली मुलगी कोणाकडे बघेल? म्हणून माझी हात जोडून विनंती, की ही स्पर्धा सकाळी आठला घ्यावी, शाळेच्या रस्त्याने, पोरे दप्तरे घेऊन निघतात तेव्हा. त्यांना आपल्या आया, आज्या, काकू घामाघूम होऊन पळताना दिसू देत. पहिले पंधरा दिवस लोक बोलतील. मग त्यांना दुसरा विषय मिळेल.

पहिले बक्षीस कोणाला मिळेल ते मी आजच सांगू शकत नाही. पण मला मिळणार नाही एवढे नक्की, कारण माझ्या सासूबाईंनी नाव दिले आहे आणि त्यांना मागे टाकून पुढे जाण्याची माझी छाती नाही.

 मसालेभात निवत आला असेल.